केइतांची करंगळी

सासऱ्याच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली, त्यात दुसूचा फायदा सहा दिवसांचा होता.

हिशेब सरळ होता. किता गावातल्या केइतांच्या घरात तेवीस माणसं जेवायची आणि चुलीच्या पाळ्या तीन सुनांमध्ये वाटलेल्या होत्या. पण थोरलीची पाळी आली की तिच्या अंगात कणकण यायची आणि धाकटीची आली की तिच्या माहेरी कोणीतरी अत्यवस्थ व्हायचं. बाजरी कांडायचं मुसळ आठवड्यातले पाच दिवस मधल्या सुनेच्या, म्हणजे दुसूच्याच हातात. सासऱ्याबरोबर राजधानीच्या इस्पितळात, बामाकोला जायचं म्हणजे सहा दिवस मुसळाशी गाठ नाही. शिवाय तिकडे नदी होती. दुसूला चौतिसावं लागलं होतं आणि विहिरीपेक्षा मोठं पाणी तिनं अजून पाहिलं नव्हतं.

तिची निवड झाली तीही कोणाच्या प्रेमामुळे नव्हे. तिचा नवरा माकान चार वर्षं परदेशात, लिब्रेव्हिलला कामाला. ती गेली तर कोणाचं काही अडणार नव्हतं. आणि फडकं सोडल्यावर त्या बोटाकडे बघून तोंड न फिरवणारी घरात ती एकटीच होती.

बाकीच्यांचंही ज्याचं त्याचं गणित होतं. सासूबाई न्याकालेंना भाचीच्या लग्नासाठी चकाकणारं बाझां कापड हवं होतं, ते कितात मिळतं पण कितातल्यासारखंच मिळतं. सासऱ्याचे सख्खे धाकटे भाऊ सांबूकाका तीस वर्षं पारावर बामाकोच्या गोष्टी सांगत आले होते. त्या खऱ्या करायला एकदा बामाको बघणं त्यांना भाग होतं. आणि बामाकोत दिलेली मुलगी फुने, जिच्या घरी हे सगळे उतरणार होते, तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली तरी बापानं तिचा उंबरा ओलांडला नव्हता, हे तिची सासू जेवताना एक दिवसाआड काढायची.

ज्याला काहीच मिळायचं नव्हतं तो एकटा सासरा, फादियाला केइता. म्हणून निघायला सगळ्यात कुरकुर त्यानंच केली.

सोमवारी सकाळी टेकडीवरच्या इस्पितळात नाव पुकारलं गेलं तेव्हा ते पाचही जण आत घुसले. डॉक्टर पन्नाशीचा, जाडजूड, बाह्या वर केलेला. त्यानं कार्डावरचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"केइता," तो म्हणाला. "तरीच म्हटलं, चवळीचा वास कुठून येतोय."

सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. सांबूकाकांनी दारावरची पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "दादा, कुलिबाली आहे हा. सापडला."

केइता आणि कुलिबाली ही थट्टेची भावकी. समोरासमोर आले की एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, गुलाम म्हणायचं, आज्या-पणज्यांची अब्रू काढायची आणि रागवायचं नाही. रागावला तो हरला. आणि त्यातल्या एकानं हक्कानं काही मागितलं तर दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही.

"खिशात काय फुगलंय? कोला?" डॉक्टरनं हात पुढे केला. "आण इकडे, गुलामा."

फादियालानं निमूटपणे चघळायच्या कोलाच्या बिया त्याच्या तळहातावर ठेवल्या. "घे. तुझ्या घरात चवळीशिवाय काही शिजत नाही, ठाऊक आहे मला."

"पाय वर ठेव. किती खाल्लीस म्हणून ही वेळ आली?"

"तुझ्या आज्याच्या शेतातून चोरली तेवढीच."

डॉक्टर हसला. हसता हसता त्यानं फडकं सोडलं, अंगठ्यानं पाऊल दाबत दाबत घोट्यापर्यंत गेला, पुन्हा खाली आला. साखर किती, गोळ्या कुठल्या, ताप येतो का, सगळं विचारून झालं. मग तो खुर्चीत रेलला.

"आता ऐक, चवळी. बेड गुरुवारी रिकामा होतोय. गुरुवारी सकाळी सातला, उपाशीपोटी यायचं. गुरुवारी आलास तर ही करंगळी घेईन आणि तुला सोडून देईन. शुक्रवारी आलास तर पाऊल घेईन. शनिवारी आलास तर गुडघ्याखाली काही ठेवणार नाही, आणि माझी करवत बोथट आहे."

सांबूकाकांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. न्याकालेबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या.

"आणि गुरुवार म्हणजे गुरुवार." त्यानं म्हाताऱ्याच्या स्टेशनमास्तरच्या टोपीकडे बोट केलं. "मी तुझी रेल्वे नाही."

यावर फादियाला स्वतः डोळे पुसेपर्यंत हसला. किता स्टेशनात तो एकोणतीस वर्षं स्टेशनमास्तर होता. गुरुवारची गाडी शनिवारी यायची आणि तो फलाटावर उभा राहून ती वेळेवर आल्याचं जाहीर करायचा. आता गाडीच बंद झाली होती, पण टोपी अजून डोक्यावर होती.

हसण्याच्या त्या गलक्यात डॉक्टरनं खिशातलं निळं पेन काढलं आणि काळं जिथे संपत होतं तिथे, पावलावर, एक रेघ ओढली.

"फडकं तू बदलतेस?" त्यानं दुसूला विचारलं. "रोज ही रेघ बघायची."

एवढंच. पण त्या एका वाक्यात चवळी नव्हती. दुसूच्या ते लक्षात आलं, आणि लक्षात आलेलं तिनं तिथेच ठेवून दिलं.

सोत्रामा म्हणतात त्या हिरव्या प्रवासी गाडीतून टेकडी उतरताना, गुडघ्याला गुडघे लावून बसल्या बसल्या, तारखेचा अर्थ लावणं सुरू झालं.

"म्हणजे गुरुवारी जायचं ना?" न्याकालेबाईंनी विचारलं.

"वहिनी, कुलिबालीनं सांगितलेलं सरळ धरायचं?" सांबूकाका म्हणाले. "तो म्हणतो करवत बोथट आहे. डॉक्टरची करवत कधी बोथट असते? मग जसं करवतीचं तसं तारखेचं. उलटं वाचायचं. शनिवारी या, असं म्हणाला तो."

"भावजी, तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात?"

"मी नाही झालो. पण मी केइता आहे. गुरुवारी धावत गेलो तर तो दवाखानाभर सांगेल, चवळी घाबरली."

फादियालानं टोपीच्या आत खोचलेला कागद काढला. त्यावर तारीख छापलेली होती: गुरुवार, सकाळी सात. त्यानं ती वाचली आणि कागद परत टोपीत गेला. "छापील वेळ मी एकोणतीस वर्षं वापरली," तो म्हणाला. "त्याआधी गाडी येणार नाही, एवढाच तिचा अर्थ."

यावर कोणी वाद घातला नाही, कारण कोणाला परवडत नव्हतं. न्याकालेबाईंनी मनात मंगळवार बाजाराला दिला. फुनेनं बुधवार सासूला दिला. "आणि गुरुवारी होडी," ती म्हणाली. "आमच्या ओळखीचा एक बोझो कोळी आहे, त्याची होडी त्या दिवशी मोकळी असते."

दुसूनं खिडकीबाहेर पाहिलं. खाली घरांच्या पत्र्यांपलीकडे काहीतरी रुंद आणि पांढरं चमकत होतं. ती नदी, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

मंगळवारी सांबूकाकांनी शहर दाखवलं. त्यांनी ते आत्मविश्वासानं दाखवलं. बँकेचा उंच मनोरा त्यांच्या तोंडून सरकारी धान्याचं कोठार निघाला. वस्तुसंग्रहालयाची बाग एका फ्रेंच बाईचं माहेर निघाली. चौकातला पाणघोडा मात्र अडचणीचा ठरला, कारण कितात सगळ्यांना ठाऊक होतं की बामाकोत एक जिवंत पाणघोडा रस्त्यात बसतो आणि त्याला बाजरी दिल्याशिवाय मोटारी पुढे सरकत नाहीत. हा सिमेंटचा होता.

न्याकालेबाईंनी कमरेवर हात ठेवले. "भावजी, हाच का तो?"

सांबूकाका थोडा वेळ पाणघोड्याकडे बघत राहिले. "वारला वाटतं," ते म्हणाले. "त्याची आठवण म्हणून उभा केला असेल."

फादियाला इतका हसला की त्याला कठड्यावर बसवावं लागलं. तिथे त्यानं साखर घातलेलं आल्याचं सरबत घेतलं, आणि पुढच्या चौकात आणखी एक. दुसूनं हळूच "बाबा, साखर," म्हटलं तेव्हा न्याकालेबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि तिच्या डोक्यावर कापडाचं आणखी एक गाठोडं चढलं.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं फडकं सोडलं. काळं रेघेवर आलं होतं, चौकटीवर पाय ठेवून आत डोकावावं तसं. बुधवारी ते रेघ ओलांडून एक बोट पुढे आलं. फुनेची सासू त्या दिवशी खास कोंबडी घेऊन आली होती, फादियाला चटईवर मधोमध बसला होता, आणि लेकीच्या घरात तो आठ वर्षांत पहिल्यांदा पाय पसरून बसला होता.

"बाबा," दुसू म्हणाली, "रेघ ओलांडली."

मग सांबूकाका म्हणाले, "कुलिबालींना सरळ रेघ कधी काढता आली? हात थरथरला असेल, पोटात वारा धरून."

हशा झाला. फुनेची सासूसुद्धा हसली. फुने मात्र उठली आणि दुसूला परड्यात घेऊन गेली.

"वहिनी, तुला माझं बरं बघवत नाही का?"

"तसं नाही गं."

"बाबा माझ्या घरात हसतायत. माझी सासू बघतेय. उद्याची होडी ठरलीय. दोन दिवसांनी काय बिघडतं? शनिवारी जाणारच आहोत." तिनं दुसूचा हात धरला. "तुलाही नदी बघायचीच आहे की."

ते खरं होतं. दुसू आत जाऊन उष्टी भांडी उचलू लागली.

गुरुवारी सकाळी सात वाजता, ज्या वेळी टेकडीवर एक बेड रिकामा झाला असेल, केइता मंडळी साखर घातलेली बाजरीची पेज पीत होती. नऊला ती होडीत होती.

होडीवाला म्हातारा बोझो, नाव सिनाली. त्यानं लांब काठी पाण्यात रोवली आणि मग नाक वर करून हुंगलं. "आज मासा धरला नाही मी. मग हा वास कसला?"

"नदीचा," सांबूकाका म्हणाले.

"नदीचा वास मला माहीत नाही होय?" सिनालीनं फादियालाच्या पायाकडे पाहिलं, मग कोणाकडेच पाहिलं नाही, आणि काठी ढकलली.

उन्हाळ्यानं जोलिबा नदीचं पाणी उतरलं होतं. खडक पाठी काढून वर आले होते, बायका त्यांवर धुणं पसरत होत्या, काठच्या वाफ्यांतून कोणी कॅनमधून कोथिंबिरीला पाणी घालत होतं. म्हाताऱ्याचा पाय पाण्यापासून वर राहावा म्हणून दुसूनं तो मांडीवर घेतला होता. त्यामुळे तिला तोंड पुढे करून बसावं लागलं, आणि सगळ्यात चांगली जागा तिला मिळाली. पूल डोक्यावरून गेला तेव्हा त्याची सावली थंड पाण्यासारखी अंगावर पडली. एवढं पाणी, आणि कोणी ते ओढून वर काढत नव्हतं, कोणाच्या डोक्यावर चढत नव्हतं. आपल्या आपण चाललेलं. तिला वाटलं, दिवसभर असंच बसावं.

मागे सांबूकाका आणि न्याकालेबाई मगरींवरून भांडत होते.

"सूनबाई," फादियाला हळूच म्हणाला, "आज रेघ कुठे आहे?"

दुसूनं त्याच्याकडे पाहिलं. तो पुलाकडे बघत होता.

"रेघ तिथेच आहे, बाबा. काळं घोट्याशी आलंय."

"डॉक्टरनं थट्टा केली असं सगळे म्हणतात," तो म्हणाला. "सगळे म्हणतात ते बरं आहे. आजच्यापुरतं राहू दे. मी माणसं भरून भरून गाड्या पाठवल्या या नदीकडे. मी कधी आलो नव्हतो."

"परत फिरू या का, बाबा? अजून दहा वाजले नाहीत."

हे ती म्हणाली, हे खरं. पण ती ते इतक्या हळू म्हणाली की नदीलाही ऐकू गेलं नसतं. म्हाताऱ्याला ऐकू गेलं की नाही, तिनं पुन्हा विचारलं नाही.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज होती, आणि इस्पितळात शुक्रवारी कोण भेटतं, असं सगळ्यांचं एकमत झालं. दुपारपासून फादियालाला हुडहुडी भरली. नदीवरचा वारा बाधला, असंही एकमत झालं.

शनिवारी ते निघाले तेव्हा सांबूकाकांच्या खांद्यावर पाच किलो चवळीची पिशवी होती. डॉक्टरला भेट. ही कल्पना त्यांना पहाटे सुचली होती आणि वाटभर ते तालीम करत होते: आधी पिशवी टेबलावर आपटायची, मग म्हणायचं, तुझी गुरुवारची न्याहारी, जरा उशीर झाला.

त्यांनी पिशवी आपटली. वाक्यही म्हटलं.

डॉक्टरनं पिशवीकडे बघितलं नाही. त्यानं फडकं सोडलं. खोलीतला वास आता नदीचा आहे असं म्हणायची सोय राहिली नव्हती. त्यानं हात धुतले, पुसले, आणि खुर्ची ओढून फादियालासमोर बसला.

"केइता साहेब," तो म्हणाला. "आपल्याला बसायला त्रास होत नाही ना?"

न्याकालेबाईंच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. सांबूकाकांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरवायला विसरल्यासारखं. कुलिबालीनं केइताला साहेब म्हटलं होतं. 'आपण' म्हटलं होतं. ज्याच्यावर बोथट करवतीचा परिणाम झाला नव्हता त्या घराला या एका शब्दानं कापरं भरलं.

"गुरुवारी आपली वाट पाहिली," डॉक्टर म्हणाला. "आता गुडघ्याखालून घ्यावा लागेल. आजच. नाहीतर सोमवारपर्यंत आपण जगणार नाही." त्यानं निळ्या पेनानं गुडघ्याखाली दुसरी रेघ ओढली. "आपली संमती असेल तर."

"नाही," फादियाला म्हणाला.

"दादा, अरे—"

"नाही म्हटलं ना. जसा आलो तसा कितात जाईन. दोन पायांवर आलो, दोन पायांवर पुरा मला."

मग सगळे एकदम बोलू लागले. फुने रडायला लागली. न्याकालेबाईंनी दिराला धरलं: "उलटं वाचायचं म्हणे. वाचा आता उलटं." सांबूकाका म्हणाले, "बाजाराची घाई कोणाला होती, वहिनी?" न्याकालेबाईंनी मान फुनेकडे वळवली: "आणि हिला होडीचं सुचलं." फुने रडता रडता म्हणाली, "मी एकटी बसले होते होडीत?" सोमवारी जे एका बाजूला होते ते पाच मिनिटांत चार बाजूंना झाले. डॉक्टर मधे एवढंच म्हणाला, "जशी आपली इच्छा, केइता साहेब," आणि प्रत्येक साहेबाबरोबर म्हातारा खुर्चीत आणखी घट्ट होत गेला.

दुसू उठली. "डॉक्टर, तुम्ही असं अदबीनं मागितलंत तर ते मेले तरी देणार नाहीत. चवळी म्हणा त्यांना."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं. आता त्याच्या डोळ्यांत राग दिसला. "सोमवारी चवळीच म्हटलं होतं. त्याचं काय केलंत तुम्ही? पंचवीस वर्षं मी असंच बोलतो केइतांशी, त्यांची भीती जाते म्हणून. आजपर्यंत एकानंही तारीख चुकवली नव्हती."

"त्यांना थट्टा वाटली, कारण त्यांना थट्टाच हवी होती. मला नव्हती वाटली," दुसू म्हणाली. "रेघ मी रोज बघत होते. मंगळवारपासून."

चारही बाजू तिच्याकडे वळल्या. न्याकालेबाई बघतच राहिल्या. फुनेनं मान खाली घातली. फादियाला काहीतरी बोलणार होता, पण दुसूनं त्याच्याकडे न बघता मान हलवली, आणि होडीतलं होडीत राहिलं.

डॉक्टरनं हातातलं पेन खिशात टाकलं. मग खुर्ची मागे सारून तो सरळ जमिनीवर बसला, पांढऱ्या कोटासकट, म्हाताऱ्याच्या पायाशी.

"ए चवळी," तो म्हणाला.

फादियालानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तुझा पणजा माझ्या पणज्याचा गुलाम. बरोबर?"

"उलटं आहे ते," फादियाला पुटपुटला.

"असू दे. गुलामाचा पाय कोणाचा असतो? मालकाचा. इतकी वर्षं तू वापरलास, मी काही बोललो नाही. आता मला तो परत हवाय. एक कुलिबाली मागतोय तुझ्याकडे."

म्हाताऱ्यानं गुडघ्याखालच्या निळ्या रेघेकडे पाहिलं.

"काय करणार आहेस त्याचं?"

"शेतात रोवीन. चवळीवर पाखरं फार येतात."

फादियालानं डोक्यावरची टोपी सारखी केली. तो म्हणाला, "नेताना टोपी काढून ने, गुलामा. एकोणतीस वर्षं गाड्या सोडल्यात त्या पायानं." आणि हात पुढे करून कागद मागितला.

त्यानं सही केली. सहीखाली, सवयीनं, वेळ लिहिली: अकरा चाळीस. मग जरा थांबून त्यानं पुढे लिहिलं: उशीर, दोन दिवस. किता स्टेशनाच्या वहीत उशिराचा तो रकाना त्यानं एकोणतीस वर्षांत एकदाही भरला नव्हता.

सहा दिवसांचे एकेचाळीस झाले. फादियालानं पाय दिला, आणि लाकडी कुबड्यांवर चालायला शिकला. सांबूकाकांनी गोष्टी दिल्या. पारावर कोणी बामाकोचं नाव काढलं की ते घसा साफ करून उठून जायचे. न्याकालेबाईंचं बाझां कापड म्हाताऱ्याच्या मांडीखालच्या उशीला गेलं आणि भाची कितातल्या कापडात सासरी गेली. फुनेच्या घरी माहेरची माणसं इतकी राहिली की तिची सासू तो विषयच विसरली. डॉक्टर कुलिबालीनं पाच किलो चवळी शिजवून घेतली आणि भर वॉर्डात, केइतांच्या देखत, वाडगंभर खाल्ली. त्याच्या पणज्यापासून कोणी एवढं अब्रूचं नुकसान सोसलं नसेल. फादियाला बघत होता. तो म्हणाला, "अजून घे, लाजू नकोस."

ती चवळी दुसूनं शिजवली होती. इस्पितळाच्या मागच्या अंगणात रोग्यांच्या घरच्यांनी तीन तीन दगडांच्या चुली मांडलेल्या असायच्या. उरलेले सगळे दिवस तिथली पाळी तिची एकटीचीच होती, आणि न्याकालेबाईंनी तिला मुसळही कुठून तरी आणून दिलं होतं. त्या शनिवारबद्दल त्यांनी तिला एका शब्दानं विचारलं नाही.

अंगण टेकडीच्या कडेला होतं. तिथून सगळी जोलिबा दिसायची, पूल, होड्या, वाफे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कोणाला काही न देता. पहिल्याच दिवशी दुसूनं आपल्या चुलीचे तीन दगड उचलले, फिरवून पुन्हा मांडले, आणि नदीकडे पाठ करून बसली.